राजकारण्यांनी रोज काय काम केलं ते जाहीरपणे लिहावं का?

लिहावं, पण स्वतः लिहावं. पीएकडून, भाच्याकडून नाहीतर पगारावर ठेवलेल्या पोराकडून लिहून घ्यायचं असेल तर नाही लिहिलं तरी चालेल. तसल्या जाहिरातींचा आपल्याकडे तुटवडा नाही.

तुम्ही आमदार-खासदारांबद्दल विचारलंय आणि खाली "यात त्यांचा वेळ जाणार नाही का" असंही लिहिलंय. मी आमदारही नव्हते आणि खासदारही. ऑक्टोबर २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडले गेले, त्यात आमच्या गावची सरपंच झाले. दुष्काळी पट्ट्यातलं, दोन हजारांच्या आतलं गाव. २०१९ नंतर असल्या गावाच्या सरपंचाला महिन्याला ३००० रुपये मानधन होतं, त्याआधी १०००. म्हणजे वेळ किती स्वस्त होता बघा. तरी रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर मी दिवसभरात काय केलं ते खडूने लिहीत होते. चार-पाच ओळी. कुणाचाही वेळ वाया जात नाही तेवढ्यात.

हे का सुरू केलं ते सांगते. जागा महिलेसाठी राखीव होती, निवडून मी आले, आणि लोक "सरपंच आहेत का घरात?" म्हणून आमच्या ह्यांना विचारायला यायचे. तालुक्याच्या ऑफिसातून फोन ह्यांच्याच नंबरवर. ग्रामसेवक सहीला रजिस्टर घरी पाठवायचे, मी ऑफिसात बसलेली असताना. हे बिचारे म्हणायचे, "मला काय माहीत, तिला विचारा." त्यावर लोक हसायचे. महाराष्ट्रात पंचायतींत ५० टक्के जागा बायकांना आहेत, पण त्यातल्या कितीजणींचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो हे कुठल्या अहवालात येत नाही. मग म्हटलं, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, तर लिहूनच ठेवू. फळ्यावर अक्षर माझं. गावाने ते ओळखायला किती दिवस घेतले असतील?

आता अडचण अशी की तो फळा मोकळा नव्हता. त्यावर आमचे उपसरपंच रोज सकाळी सुविचार लिहायचे. निवृत्त शिक्षक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही. सुंदर वळणदार अक्षर. खाली दिनविशेष, कोपऱ्यात फूल. मी मधोमध रेघ मारली, डावीकडे त्यांचा सुविचार, उजवीकडे माझं. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, "विहिरीवरची मोटार जळाली. रिवाइंडिंगला दिली. परवा मिळेल असं म्हणतात. तोवर पाणी नाही." डावीकडे होतं, "संयम हाच खरा दागिना." लोकांनी फोटो काढला. गुरुजींना वाटलं मी मुद्दाम केलं. मुद्दाम नव्हतं, पण झालं ते बरं झालं.

कारण त्या दिवशी पाण्यासाठी घरी भांडायला कुणी आलं नाही. त्याआधी मोटार जळाली की हंडे घेऊन बायका दारात. त्यांचा राग पाणी नसण्याचा असायचा तसा कुणी काही सांगत नाही याचाही असायचा. "परवा" असं लिहिलं की त्या दोन दिवसांची सोय करतात.

खरं रामायण पुढे झालं. पाइपलाइनचं इस्टिमेट तालुक्याच्या ऑफिसात अडकलेलं. १५ व्या वित्त आयोगाचा पैसा आलेला. त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, त्यामुळे निधी नाही असं कुणी म्हणू शकत नव्हतं. अडलं होतं ते तांत्रिक मान्यतेच्या सहीला. मी जायची, साहेब साइटवर. पुन्हा जायची, साहेब मीटिंगला. मग फळ्यावर लिहायला लागले: "तालुक्याला गेले. इस्टिमेटवर सही झाली नाही. साहेब जागेवर नव्हते." पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लिहिल्यावर कुणीतरी तिन्ही दिवसांचे फोटो एकत्र करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले आणि ते फिरत फिरत साहेबांपर्यंत गेले.

फोन आला. अर्थात ह्यांच्या नंबरवर. "तुमच्या मिसेसना जरा समजावा, असं चव्हाट्यावर लिहितात का?" ह्यांनी एक शब्द न बोलता फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही उद्या जागेवर असाल तर तेही लिहिते." दुसऱ्या दिवशी साहेब होते. सही झाली. फळ्यावर लिहिलं, "साहेब जागेवर होते. सही झाली. धन्यवाद." आणि त्यानंतर माझ्या नंबरवर फोन यायला लागले.

पण मासिक सभेत गुरुजींनी विषय काढला. म्हणाले, फळा शासकीय नोटिसांसाठी आहे, सरपंच कुठे गेल्या आणि कुणी भेटलं नाही हा गावाचा विषय नाही, यात पंचायतीचा कमकुवतपणा दिसतो. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली तक्रार झाली तर सरपंचपद जाईल अशीही भीती घातली. मी ग्रामसेवकांना विचारलं, कुठल्या नियमाने मनाई आहे? ते पानं उलटत बसले. मी म्हटलं, २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ४ आहे, कार्यालयाने १७ बाबी कुणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करायच्या. गुरुजी लगेच म्हणाले, "त्यात सरपंचाची रोजची फेरी येत नाही." खरंच येत नाही. पण मनाईही नाही.

मग त्यांनी ठेवणीतला दाखला काढला. इतिहास शिकवायचे ना. म्हणाले, "नेहरू ऑक्टोबर १९४७ पासून दर पंधरवड्याला मुख्यमंत्र्यांना पत्र लिहायचे. काय चाललंय, काय अडलंय, सगळं. पण ती पत्रं चावडीवर लावली नव्हती. जबाबदार माणूस योग्य माणसालाच सांगतो." सगळे सदस्य माझ्याकडे बघायला लागले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तितक्यात चहा आला, सभा संपली.

उत्तर घरी सुचलं, भाकरी थापताना, जसं नेहमी होतं. नेहरूंना कळवायला मुख्यमंत्री होते. मी कुणाला कळवायचं? मला घरपट्टी-पाणीपट्टी भरणारी माणसं, तीच माझी वरची माणसं. आणि ती पत्रंसुद्धा पुढे पाच खंडांत छापून आलीच. गुरुजींना एवढा गुप्तपणाच हवा होता तर त्यांना ती वाचायला तरी कशी मिळाली?

तुमच्या आमदार-खासदारांकडे येते. त्यांनी काय लिहावं? भूमिपूजनं नकोत, दशक्रिया आणि साखरपुडे तर मुळीच नकोत. आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे, खासदाराचाही तेवढाच. त्यातल्या कामांची यादी मागितली तर मिळते. विधानसभेत कोण काय बोललं हेही कार्यवृत्तात असतं, वाचत कुणी नाही ती गोष्ट वेगळी. न दिसणारं ते वेगळंच: आज किती शिफारसपत्रं दिली, कुणाच्या बदलीसाठी, कुठल्या ठेकेदाराला किती वेळ भेटले, नागपूर अधिवेशनात सभागृहात किती तास बसले आणि हुरडा पार्टीत किती. हे लिहिलं तर मी रोज वाचेन. लिहिणार नाहीत. शिफारसपत्राचा धंदा तोंडीच चालतो, आणि पत्रावर "नियमानुसार कार्यवाही व्हावी" एवढंच असतं.

मोठ्या शहरांत तर आणखी मजा. मार्च २०२२ मध्ये पुणे, मुंबई महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. तेव्हा तिथल्या लोकांनी नगरसेवकाने लिहावं की नाही यावर वाद घालायचा तर आधी नगरसेवक तर हवा होता. निदान आमच्याकडे फळा होता. कोरोनात ग्रामसभा बंद होत्या तेव्हा गावाला पंचायतीचं जे कळत होतं ते त्या फळ्यावरूनच, कुठल्या घरात बाहेरून येणाऱ्यांची सोय केली इथपर्यंत.

थोडं सांभाळायलाही लागतं, ते राहिलं. सगळं लिहायचं नसतं. एक बाई नवऱ्याच्या दारूपायी आली होती, ते मी कधीही लिहिलं नाही. निराधार योजनेची प्रकरणं तहसीलला घेऊन जायची, तेव्हा "तीन प्रकरणं दिली" एवढंच, नावं नाहीत. अतिक्रमण काढायची तारीख आधी लिहिली तर दुसऱ्या दिवशी कोर्टातून स्टे आलाच म्हणून समजा. मंत्र्यांचं तर आणखी कितीतरी असेल जे लगेच बाहेर येऊ नये, तेवढं मला मान्य आहे. आणि रोज लिहायची सवय लागली की कधीकधी लिहिण्यासारखं काहीतरी करावं म्हणून माणूस उगाच फेऱ्या मारतो, हाही धोका आहे. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी "आज काही झालं नाही" असं लिहायची तयारी हवी. मी लिहिलंय.

मुदत संपल्यावर मी पुन्हा उभी राहिले नाही, जागेचं आरक्षण बदललं. फळ्यावर आता पुन्हा पूर्ण सुविचार असतो. गुरुजी हे वाचत असतील, त्यांच्या नातवाने त्यांना मोबाइल शिकवलाय. गुरुजी, त्या सभेच्या प्रोसिडिंगमध्ये तुमची हरकत नोंदवली आहे, पान मला पाठ आहे. माझं उत्तर त्यात नाही कारण तेव्हा चहा आला. ते वर लिहिलंय.