सर्व्हर घरात ठेवू नको

दहा जणांच्या प्रोजेक्टचा कोड ठेवायला लातूरच्या घरात सर्व्हर ठेवायचा नाद आधी सोड. मे महिन्यात लाइट गेली की इन्व्हर्टर किती वेळ ओढणार? भाड्याचा छोटा व्हीपीएस, म्हणजे कंपनीच्या मशीनवरचा आपल्यापुरता सर्व्हर घे, त्यावर फोर्जेजो हे कोड ठेवायचं मोफत सॉफ्टवेअर टाक. कोडबर्ग ही कोड ठेवायची साइटही फोर्जेजोवरच चालते.

बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, महिन्यातून एकदा परत उतरवून बघ. माझी बॅकअपची फाइल वर्षभर रोज रात्री दोनला बिनबोभाट बनायची. गरज पडली तेव्हा उघडली, तर शून्य बाइट!

पैशाचं अन् कारभाराचं म्हणशील तर:
- डोमेनचा (साइटच्या पत्त्याचा) पासवर्ड अन् नूतनीकरणाची तारीख दोघांकडे तरी पाहिजे.
- महिन्याचा खर्च सगळ्यांसमोर मांड, मगच वर्गणी माग.
- परदेशी देणगी घाईनं घेऊ नको. संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते.

अनेक सर्व्हर जोडून क्लस्टर-बिस्टर करायचं आत्ता डोक्यात घेऊ नको. दहा जणांचे प्रोजेक्ट नीट सांभाळ, जमतंय तुला.