वाचक विचारतात : बेळगावची टीम कुठं गेली?

कर्नाटकची टी-२० क्रिकेट लीग, महाराजा ट्रॉफी, २८ ऑगस्ट २०२५ ला संपली आणि तेव्हापासून पत्रं, मेसेज येतच आहेत, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडनं. एका पत्रात तर ‘आपली टीम कधी’ एवढंच लिहिलंय आणि पुढं तीन प्रश्नचिन्हं. जे प्रश्न परत परत आले ते इथं घेतलेत.

फायनलमध्ये हुबळी टायगर्सच्या १५४ झाल्या होत्या, मंगळूर ड्रॅगन्सच्या फक्त ८५, मग मंगळूर जिंकलं कसं? पाऊस आला म्हणून आमचं नुकसान का ओ? (शहापूर)

त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवलेला, सात-आठ जण वाकून बघत होते, मैदानावर कव्हर ओढायला लागले तसं कुणी काही बोललंच नाही, चहा तसाच गार झाला. पण दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसलो. टार्गेट १५५, म्हणजे ओव्हरला पावणेआठ. पाऊस आला तेव्हा १०.४ ओव्हर झाल्या होत्या, त्या हिशोबानं सरळ गुणाकार केला तरी ८३ च्या आसपास येतात आणि मंगळूरच्या ८५ होत्या. वर विकेटी फक्त दोन गेलेल्या. आठ विकेट हातात असल्या की शेवटच्या ओव्हरांत मारायला मोकळीक असते, म्हणून नियमानं तेवढ्या वेळात लागणाऱ्या रन आणखी कमी धरल्या, ७१. म्हणून मंगळूर १४ रनांनी जिंकलं. हा नियम म्हणजे व्हीजेडी, केरळातल्या त्रिशूरचे सिव्हिल इंजिनिअर व्ही. जयदेवन यांनी बसवलेला, आयसीसी वापरते तो डकवर्थ-लुईस-स्टर्न वेगळा. तेव्हा नुकसान पावसानं नाही झालं, १५४ च कमी पडल्या. देवदत्त पडिक्कलच्या हुबळीनं अजून वीस-पंचवीस केल्या असत्या तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं माझं मत.

आपली बेळगाव पँथर्स कुठं गेली? बंद का पडली? (खासबाग, अनगोळ, उचगाव आणि अजून बरेच)

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी वाचताना पोटात तुटतं. कर्नाटक प्रीमियर लीग २००९ ला सुरू झाली, मध्ये काही वर्षं खंड पडला, २०१४ पासून परत सुरू झाली आणि २०१७ ला आपण जिंकलो. फायनल हुबळीत, समोर विजापूर बुल्स, सहा विकेटनी. इथनं गाड्या करून गेलेली पोरं पहाटे घरी आली होती, घसे बसलेले, आणि त्यातल्या निम्म्यांना टीममधली सगळी नावंही माहीत नव्हती, पण छातीवर बेळगाव लिहिलेलं होतं ना, तेवढं पुरलं.

मग २०१९. मोसम झाल्यावर फिक्सिंगचं प्रकरण बाहेर आलं, बंगळूर पोलिसांच्या सीसीबीनं, म्हणजे सेंट्रल क्राइम ब्रँचनं, अटका केल्या आणि त्यात आपल्याच टीमचा मालक होता. पुढं जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं, दाद मागणाऱ्यांवरचा खटला रद्द केला, कारण फिक्सिंग हे दंड संहितेतल्या फसवणुकीच्या कलमात बसत नाही असं कोर्टानं म्हटलं. पण तोवर लीगची पाटीच उतरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक राज्य क्रिकेट असोसिएशननं महाराजा ट्रॉफी नावानं नवीन स्पर्धा आणली, असोसिएशनचे माजी अध्यक्ष श्रीकंठदत्त नरसिंहराज वाडियार यांच्या आठवणीत. टीम सहा : बंगळूर, म्हैसूर, हुबळी, गुलबर्गा, मंगळूर, शिमोगा. बेळगाव नाही, विजापूर नाही, बळ्ळारी नाही.

मला राग आहे तो इथं. चूक कुणाची का असेना, शिक्षा आपल्या पोरांना का? त्यांनी काय केलं होतं? नाव बदला, मालक बदला, कडक नियम लावा, पण जिल्हाच्या जिल्हा नकाशावरनं पुसायचा हे पटत नाही मला, आणि हे मी लिहीत राहणार.

मुलगा १५ वर्षांचा आहे, सरदार्स हायस्कूलच्या मैदानावर टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये चांगलं खेळतो. आपण मराठी, कोल्हापूर जवळ, तर महाराष्ट्राच्या लीगमध्ये कोल्हापूर टस्कर्सकडून खेळू शकतो का? आणि यात पैसे किती मिळतात? (खानापूरचे एक वडील)

दादा, भाषेवर हे ठरत नाही. पुण्याजवळ गहुंजेला २०२३ पासून जी महाराष्ट्र प्रीमियर लीग होते तिच्यात खेळायला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडं नोंदणी लागते, आणि खानापूरचा मुलगा नोंदणीत कर्नाटकात येतो, त्यातही धारवाड झोनमध्ये. कोल्हापूर जवळ असलं तरी क्रिकेटच्या कागदावर ते दुसरं राज्य आहे. कुणी ‘ॲडजस्ट करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, खोट्या रहिवासी दाखल्यापायी पोराचं करिअर आयुष्यभरासाठी अडकतं.

आता खरं सांगायचं ते. टेनिस बॉलवर तो बॅट आडवी फिरवून सिक्स मारत असेल, चांगलंच आहे, डोळा आणि हात आहे म्हणजे. पण लेदर बॉल १५६ ग्रॅमच्या वर असतो, शिवणीवर पडून आत-बाहेर जातो, तिथं आडवी बॅट म्हणजे एकतर बोल्ड नाहीतर अंगठा सुजलेला. पंधरा वर्षं म्हणजे उशीर नाही झाला, पण आणखी दोन मोसम वाट बघू नका. धारवाड झोनच्या लीगमध्ये टीम उतरवणारा क्लब शोधा, तिथं नेटवर घाला, वयोगटाच्या निवड चाचण्या कधी असतात ते क्लबलाच विचारा. बेळगावात जन्मलेला रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजी खेळलाच की.

पैशाचं विचारलंय तेही सांगतो, लपवून काय. २०२५ च्या महाराजा ट्रॉफीच्या लिलावात सगळ्यात महाग पडिक्कल, १३ लाख २० हजार. आणि २०२४ ला राहुल द्रविडचा मुलगा समित म्हैसूरकडं ५० हजारांत गेला होता. तेव्हा घर चालवायला म्हणून याच्याकडं बघू नका आणि शाळा सोडू देऊ नका.

सुपर ओव्हर किती वेळा होऊ शकते? (टिळकवाडी, आठवीतला विद्यार्थी)

निकाल लागेपर्यंत, बाळा. मॅच बरोबरीत सुटली की दोन्ही टीमना एकेक जादा ओव्हर मिळते, ती सुपर ओव्हर. २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलचा निकाल बाऊंड्री मोजून लावला, त्यावर खूप गदारोळ झाला आणि मग हा नियम आला. २३ ऑगस्ट २०२४ ला महाराजा ट्रॉफीत, बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर, बंगळूर आणि हुबळी दोघांच्याही १६४ झाल्या. पहिल्या सुपर ओव्हरमध्ये १०-१०, दुसऱ्यात ८-८, तिसऱ्यात बंगळूरच्या १२ आणि हुबळीच्या मन्वंत कुमारनं शेवटच्या बॉलला चौका मारून १३ केल्या. एकदा आउट झालेला बॅट्समन पुढच्या सुपर ओव्हरला येऊ शकत नाही, एकाच बॉलरला लागोपाठ टाकता येत नाही, म्हणून तिसऱ्या वेळी कॅप्टनकडं माणसंच कमी उरतात, खरी मजा ती. त्याच चिन्नास्वामीवर त्याच वर्षी जानेवारीत भारत-अफगाणिस्तानच्या दोन झाल्या होत्या.

मराठी माणसानं हुबळीला सपोर्ट करायचा की कोल्हापूरला? (निपाणी)

दोघांना करा की. जूनमध्ये कोल्हापूर, ऑगस्टमध्ये हुबळी. आमच्या घरात कॉमेंट्री कन्नडमध्ये लागते आणि ओरडणं मराठीत होतं, त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

आपल्या बेळगावात ऑटोनगरचं स्टेडियम आहे ना, मग लीगच्या मॅच तिथं का नाही ठेवत? (कणबर्गी)

हे मी पण विचारतोय, आणि आता जोरात विचारायची वेळ आहे. २०२५ ला बंगळूरच्या ४ जूनच्या चेंगराचेंगरीनंतर सगळी स्पर्धा म्हैसूरला नेली आणि प्रेक्षकांशिवाय खेळवायचं ठरलं. म्हणजे लीग बंगळूरबाहेर होऊ शकते हे तर सिद्धच झालं. मैदान मोठ्या मॅचच्या लायकीचं नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यांना जून २०१९ आठवून द्या. भारत ‘अ’ विरुद्ध श्रीलंका ‘अ’, पुण्याचा ऋतुराज गायकवाड, १३६ बॉलमध्ये नाबाद १८७, आपल्याच ऑटोनगरला. मी होतो तिथं. माझ्या पुढं एक आजोबा धोतर सावरत पायरीवर बसले होते, नातवाच्या वहीवर पेन्सिलीनं प्रत्येक रन लिहीत होते, दीडशे झाल्यावर पान संपलं तर त्यांनी वही उलटी करून मागच्या पानावर लिहायला घेतलं.