एकाच टाईपची पुस्तकं वाचून कंटाळा आलाय, बाकी प्रकारातली चांगली पुस्तकं कशी सापडतील?

मी पण सात-आठ वर्षं नुसत्या रहस्यकथा वाचत होतो त्यामुळे त्रास कळतो. 'वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' टाईप याद्यांच्या नादी लागू नका, त्या सगळ्या एकमेकींच्या कॉप्या असतात. त्यापेक्षा सरळ लायब्ररीत जा आणि पुस्तकाच्या कण्यावरचा नंबर बघा. बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये ड्यूई दशांश पद्धत असते, म्हणजे विषयाप्रमाणे नंबर देऊन पुस्तकं लावायची पद्धत, १८७६ सालची, सगळ्या विषयांचे १० मुख्य वर्ग, ५०० म्हणजे विज्ञान, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल असं. गंमत म्हणजे एकच विषय दोन-तीन ठिकाणी सापडतो, मधमाशी हा कीटक म्हणून ५९५ मध्ये आणि मधमाशीपालन ६३८ मध्ये, मी पहिलं घ्यायला गेलो आणि दुसरं घेऊन आलो, आता घरात कुणी मध काढला की माझं लेक्चर सुरू होतं (घरचे वैतागलेत).

दुसरं म्हणजे आवडलेल्या पुस्तकाची शेवटची पानं, संदर्भसूची हो, ती कुणी बघत नाही पण खरा खजिना तिथेच असतो. एखादं नाव दोन वेगळ्या पुस्तकांच्या सूचीत दिसलं की मी ते डोळे झाकून आणतो. आणि अनुवाद आवडला तर अनुवादकाचं नाव लक्षात ठेवा, त्याने अजून काय काय केलंय ते शोधा, आपोआप दुसऱ्याच भाषेत नि प्रकारात जाऊन पडता.

कविता मात्र मला अजून जमलेली नाही, त्यात माझा सल्ला घेऊ नका. आणि पन्नास पानांत पकड नाही घेतली तर खुशाल परत करा.