पोस्टर हाताचं का मशीनचं?

प्रश्न : आजोबाच्या ट्रंकेत सिनेमाचं जुनं पोस्टर निघालं, घडी घातलेलं. एकदम ब्रशनं काढल्यासारखं दिसायलंय. पाहुणे म्हणायलेत ओरिजनल पेंटिंग आहे, लाखात जाईल. खरंय का? आणि असे पोस्टर काढणारे लोक होते तरी कोण?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पाहुण्यांना चहा पाजा, पण लाखाचा हिशोब एवढ्यात नको. आधी भिंग घ्या अन् हिरोच्या गालावर धरा. एका ओळीत बारीक बारीक रंगीत ठिपके दिसले की समजा ऑफसेटवर, म्हणजे छपाईच्या मशीनवर छापलेलंय. पेंटर चित्र काढायचा एकच, मग त्याच्यावरून छापून गावोगाव जायचं. खरं हातानं रंगवलेलं म्हणजे टॉकीजवरचं मोठं बॅनर, अन् ते कापड बऱ्याचदा पुढच्या सिनेमाला पुन्हा रंगवून वापरायचे, त्यामुळं राहिलंच नाही फारसं.

ठिपक्यांऐवजी खडूसारखा ओबडधोबड दाणा दिसला तर मात्र लिथो, म्हणजे दगडावरून छापलेलं असू शकतं. आपल्या घरात शहाबादी फरशी असते ना, तसलाच चुनखडीचा दगड, फक्त जर्मनीतला अन् लई बारीक पोताचा. त्याच्यावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई लावली की ती तेलकट जागीच धरते, ओल्या जागी धरत नाही, बस एवढंच. पॅरिसमधी ज्यूल शेरे नावाच्या चित्रकारानं ह्याच दगडावरून रंगीत पोस्टर भिंतीभिंतीवर नेले, मग 1891 ला तुलूझ लोत्रेक ह्या पेंटरनं मूलां रूज ह्या नाचगाण्याच्या ठिकाणाचं पोस्टर केलं अन् पेंटरलोक जाहिरातीला हलकं काम समजायचे ते जरा कमी झालं.

आपल्याकडं पहिलं नाव कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं. त्यांच्या 'कल्याण खजिना' सिनेमाचं 1924 चं पोस्टर आजही आहे. पण मला जवळचे वाटतात एस. एम. पंडित, कारण ते गुलबर्ग्याचे, म्हणजे आपल्यासारखेच निजामाच्या राज्यातले. पुढं मुंबईला जाऊन त्यांनी 'फिल्मइंडिया' ह्या सिनेमाच्या मासिकाची अशी कव्हरं रंगवली की अंगावरची चमक खरी वाटावी. एम. एफ. हुसेनपण आधी होर्डिंगच रंगवायचे बरं का. 'दीवार'चं रागीट पोस्टर दिवाकर करकरेंचं, रंगाचे जाड फटकारे अन् त्यात बच्चन.

आमच्या लहानपणी माळेगावच्या जत्रेत तंबू टॉकीजचा पोरगा बादलीत मैद्याची खळ घेऊन फिरायचा, काल लावलेल्यावरच आजचं डकवायचा, पेंटर कोण हे बघतंय कोण! तुम्ही मात्र खालचा कोपरा बघा, सही असली तर असते तिथंच, नाहीतर नुसतं प्रेसचं नाव सापडतं.

अन् लॅमिनेशन करू नका. घडीवर सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांनी तिचा पिवळा डाग कागदात उतरतो. सपाट ठेवा, उन्हापासून लांब, अन् पुन्हा घडी घालू नका, कागद घडीवरच आधी तुटतो.