लॉक झालेला लॅपटॉप आणि 17 जानेवारी

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांना जेकॉर्डची (कापडात विणल्या जाणाऱ्या नक्षीची) डिझाइन करून देतो. मागच्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत, 17 जानेवारीला, पुण्यातल्या एका दुकानातून 22,500 रुपयांना वापरलेला लॅपटॉप घेतला. बिलावर 15 दिवसांची टेस्टिंग वॉरंटी होती. फेब्रुवारीत विंडोज रीसेट केली, तर पडद्यावर कुठल्याशा कंपनीचे नाव येऊन तिथला आयडी-पासवर्ड मागू लागले. दुकानदार ‘काढून देतो’ म्हणत राहिला. आता म्हणतो, वॉरंटी संपली. मग केस करता येते का? आधी वकिलाची नोटीस पाठवू का?

उत्तर : आज डिसेंबरचा पहिला आठवडा. म्हणजे खरेदीला 23 महिने होत आले, आणि तुम्ही विचारताय 15 दिवसांबद्दल!

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 69 वाचा. दाव्याचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. तुमच्या प्रकरणात बाकी सगळ्यावर युक्तिवाद करता येतील, या तारखेवर नाही. कोणी सांगेल की कारण घडले लॉक दिसले तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत. मीही ग्राहक आयोगापुढे तेच सांगेन. पण घरी कॅलेंडरवर खूण करताना खरेदीचीच तारीख धरा. येत्या गड्ड्यात सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडायच्या आत तुमची तक्रार दाखल झालेली असली पाहिजे. खरे तर 10 जानेवारीच्याही आत, कारण ऑनलाइन अर्जात त्रुटी निघतात, कागद परत येतात, आणि शेवटच्या दिवशी पोर्टल हटकून रुसते.

‘दुकानदार करून देतो म्हणत होता, म्हणून थांबलो’ हे प्रत्येक दुसऱ्या पत्रात असते. त्याने मुदत थांबत नाही. फोनने थांबत नाही, व्हॉट्सअ‍ॅपने नाही, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली म्हणूनही नाही. वकिलाच्या नोटिशीने तर मुळीच नाही. उलट नोटिशीच्या उत्तराची वाट बघण्यात आणखी महिना जातो. पाठवायचीच हौस असेल तर आज पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या आणि उत्तराकडे डोळे न लावता तक्रार लिहायला घ्या. विलंब माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे. पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि ते पुरेसे आहे की नाही हे आयोग ठरवतो. हातात सहा आठवडे असताना त्या दारात कशाला जायचे?

आता ती वॉरंटी. 15 दिवस बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन यांच्या बिघाडासाठी असतात. तुमचे दुखणे वेगळे आहे. मोठ्या कंपन्या जुने लॅपटॉप लॉटने विकतात. प्रत्येक मशीनचा नंबर कंपनीच्या व्यवस्थेत नोंदलेला असतो आणि विकताना तो काढला नाही, तर रीसेटनंतर इंटरनेट जोडताच मशीन पुन्हा जुन्या मालकाला हाक मारते. दुकानदार इंटरनेट न जोडता विंडोज टाकून देतो, त्यामुळे घेताना काहीच कळत नाही. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 14 प्रमाणे विकणाऱ्याला तो माल विकण्याचा हक्क आहे ही अट, उलट काही ठरले नसेल तर, करारात धरलेलीच असते. बिलावर लिहावी लागत नाही. तक्रारीत जोर यावर द्या. मात्र हाही मुद्दा पक्का म्हणवत नाही. उद्या कंपनीने सांगितले की ‘लॉट आम्हीच विकला, नोंद काढायची राहिली’, तर मालकीचा प्रश्न मिटतो आणि उरतो सदोष माल. म्हणून तक्रारीत दोन्ही मुद्दे मांडा. आणि कंपनी ‘चोरीला गेलेला’ म्हणाली तर प्रकरण पोलिसांकडे जाईल, लॅपटॉप जप्त होऊ शकेल, आणि तेव्हा तुम्ही तो चांगल्या हेतूने विकत घेतला हे दाखवायला बिलच कामी येईल.

त्या बिलाबद्दल बोललेच पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ‘युज्ड लॅपटॉप, 1 नग’ एवढेच आहे. सिरीयल नंबर नाही, मॉडेल नाही. 9,000 यूपीआयने, बाकी रोख. चादर घेताना आपण घडी उलगडून चारही काठ बघतो, आणि 22,500 च्या वस्तूचा कागद न वाचता खिशात घातला? सामनेवाल्याचा, म्हणजे दुकानदाराचा, वकील उभा राहून पहिले वाक्य म्हणेल, ‘हा आमचा लॅपटॉपच नाही.’ तुमचे नशीब की एप्रिलमध्ये हुतात्मा एक्स्प्रेसने दुसरी खेप केलीत तेव्हा दुकानाने मशीन ठेवून घेताना जॉबशीट (मशीन जमा केल्याची पावती) दिली आणि तीवर सिरीयल नंबर आहे. तो कागद लॅमिनेट करू नका, घडी करून पाकिटातही ठेवू नका. बिल, जॉबशीट, बँकेचा उतारा आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद, हे सगळे तारखेच्या क्रमाने लावा. मोबाईल मात्र इतक्यात बदलू नका. स्क्रीनशॉटवर हरकत आली तर मूळ फोन लागेल.

पुण्याला जायची गरज नाही. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. बिलावरच्या ‘सर्व वाद पुणे न्यायकक्षेत’ या ओळीची मला फारशी धास्ती वाटत नाही. सोलापूर जिल्हा आयोगात, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून, दाखल करा. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी मोजलेली किंमत, 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

एका आक्षेपाची तयारी ठेवा : तुम्ही लॅपटॉप धंद्यासाठी घेतला, म्हणून ग्राहक नाही. कायदा म्हणतो, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. डिझाइन तुम्ही स्वतः करता, पगारी माणसे नाहीत, असे शपथपत्रात स्पष्ट लिहा. हाताखाली दोन मुले ठेवली असतील, तर हा मुद्दा अवघड जाईल आणि ते मला आधी कळवा.

रक्कम परत, व्याज, मानसिक त्रास, खर्च असे सगळे मागा. मिळेल किती ते सांगत नाही. सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून 3 महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाल व्हावा, असे कायद्यात लिहिले आहे. आयोगाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही हे वाक्य वाचून दाखवा आणि चेहरा बघा. मध्येच दुकानदार तडजोडीला आला आणि मूळ रक्कम देऊ केली, तर मी घ्या म्हणेन. पण पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही.

याच बजेटमध्ये लॅपटॉप शोधणाऱ्या इतर वाचकांसाठी, कारण अशीही पत्रे पडून आहेत : पैसे द्यायच्या आधी दुकानातच विंडोज रीसेट करायला लावा आणि तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून सुरू करून बघा. अर्धा-पाऊण तास मोडेल, चहा घ्या. सिरीयल नंबर आणि ‘कोणत्याही कंपनीचे लॉक नाही, आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ ही ओळ बिलावर शिक्क्यासह लिहून घ्या. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर स्वस्त मिळतो म्हणून भुलू नका. त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. दुकानदार ओळ लिहून द्यायला कुरकुरला तर शेजारच्या दुकानात जा.

तुमच्यासाठी शेवटचे. ‘हजार रुपयांत अनलॉक करून देतो’ म्हणणाऱ्या कोणाच्याही हातात हा लॅपटॉप देऊ नका. लॉकचा पडदा हाच तुमचा पुरावा आहे. त्याचा सिरीयल नंबरसकट व्हिडिओ काढा, ज्या कंपनीचे नाव दिसते तिला आजच ईमेल करा, उत्तर आले तर तक्रारीला जोडा. नाही आले तर त्याशिवाय दाखल करा.