जुन्या वाड्यातल्या चुन्याच्या भिंतीचा गिलावा पडतोय, घरच्या घरी सिमेंटने डागडुजी करू का?

सिमेंट नको, चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करा. जुन्या विटा आणि चुना ओल शोषतात, मग हवेत सोडतात. वर सिमेंटचा कडक थर बसला की ओल आत कोंडते, लोणा (क्षारांची पांढरी पूड) येतो आणि पोपडे सुटतात, कधी विटेचा पापुद्रा घेऊनच. सुटा भाग खरवडा, भिंत भिजवा आणि १ भाग मुरवलेला (पाण्यात विरवून ठेवलेला) चुना, ३ भाग चाळलेली वाळू असं मिश्रण करून पातळ थर द्या. काही दिवस ओलसर ठेवा, भराभर वाळला तर तडे जातात. चुना डोळ्यांना भाजतो, संरक्षक चष्मा आणि हातमोजे घालाच. वर प्लास्टिक पेंट फासलात तर सगळी मेहनत वाया. मात्र भिंत फुगलेली असेल किंवा तडा रुंदावत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.