लिफ्ट हळू उठते, पंप बदलू का?

दादा, जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट कल्टिव्हेटर हळू उचलते आणि मिस्त्री थेट हायड्रॉलिक पंप (तेलाच्या दाबाने लिफ्ट उचलणारा) बदला म्हणतोय, तर जरा थांबा. आधी हायड्रॉलिक तेलाची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी बघा. तेल कमी आहे का? दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, फेस येत असेल तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय. मग सक्शनची जाळी, म्हणजे पंप जिच्यातून तेल ओढतो ती गाळणी, काढून डिझेलने धुवा. इंदूरजवळ सांवेरला आमच्या ट्रॅक्टरचा दोष तिथेच निघाला, जाळीवर काळा गाळ घट्ट बसला होता. पंपाचा खर्च वाचला.

जाळी स्वच्छ आहे, तेलही बरोबर आहे, सकाळी बरी उचलते आणि तेल तापलं की ढिली पडते? मग मात्र पंप झिजल्याचा संशय घ्या, कारण पातळ झालेलं तेल झिजलेल्या भागांतून मागे पळतं. आणखी एक करा: अवजार उचलून इंजिन बंद करा. ते भराभर खाली आलं तर गळती सिलिंडरच्या सीलमधून किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून आहे, पंपातून नव्हे.

रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब जास्त झाला की तो सोडणारा) अंदाजाने कसू नका, प्रेशर गेज लावूनच बघा. आणि उचललेल्या अवजाराखाली जायचं असेल तर आधी खाली भक्कम ओंडके लावा, नुसत्या लिफ्टच्या भरवशावर अजिबात नको.